सामुराईची सिरियल बघायची खरी पद्धत

जपानी ऐतिहासिक सिरियल बघायची असेल तर पहिली गोष्ट, ती पहिल्या भागापासून बघू नका. ते माझ्यासारख्या रिकामटेकड्यांचं काम. एनएचकेवर, म्हणजे जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर, जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपणाऱ्या या वर्षभराच्या मालिका, ताइगा म्हणतात त्यांना, १९६३ पासून चालू आहेत, रविवारी रात्री आठ ते पावणेनऊ. मी टोकियोत राहतो आणि सध्या २०१६ ची जुनी, सानादा नावाच्या सामुराई घराण्याची 'सानादामारु' बघतोय, ५० भाग, दर रविवारी एकच, तोही आठच्या ठोक्याला, कारण तसंच बघायचं असतं असं माझं (बायकोच्या मते खुळचट) मत आहे. अशा घरी तीस-पस्तीस भाग होऊन गेल्यावर पाहुणे म्हणून जा. रविवारीच. पावणेआठला.

सोफ्याच्या मधोमध बसा.

बसल्या बसल्या विचारा, "हा हिरो का?" नाही म्हटलं की पुढच्या माणसाकडे बोट दाखवून "मग हा?"

तुम्हाला जपानी येत नाही, तेव्हा यजमानाला भाषांतराला जुंपा. तो बिचारा त्या काळातलं जपानी, जे त्यालाही खालच्या पट्टीवरची अक्षरं वाचून वाचून समजतंय, तुमच्यासाठी मराठीत सांगायला लागला की फोन काढा. तीनेक वाक्यं झाली की मान वर करून म्हणा, "काय म्हणाला?"

नावं अजिबात लक्षात ठेवू नका. नायक लहानपणी बेनमारु, मोठा झाल्यावर नोबुशिगे, घरात गेन्जिरो आणि नंतरच्या लोकांच्या तोंडी युकिमुरा. त्याचा थोरला भाऊ नोबुयुकी, त्याने तर नावातलं 'युकी' हे वडिलांकडून आलेलं अक्षर बदलून दुसरं घेतलं, उच्चार तोच ठेवून, का तर आपण बापाच्या बाजूचे नाही हे तोकुगावांना, म्हणजे जिंकलेल्या घराण्याला, दिसावं म्हणून. केवढी गोष्ट आहे ही! पण तुम्ही म्हणा, "बापरे, एका माणसाला किती ती नावं." हे म्हणताना शेजारी तुमची बायको बसलेली असावी, जिचं नाव तुमच्याच घरच्यांनी लग्नात ताटातल्या तांदळात लिहून बदललं होतं. रघुनाथराव, राघोबादादा आणि दादासाहेब हे तीन वेगळे लोक आहेत असं तुम्हाला कधी वाटलं नाही, पण इथे मात्र डोकं चालत नाही.

डोक्यावरून आठवलं. सामुराईंचं पुढून भादरलेलं डोकं दिसलं की जोरात हसा. पुण्याच्या घरात भिंतीवर पणजोबांचा शेंडी-घेऱ्याचा फोटो आहे, तो वेगळा.

"हाराकिरी कधी आहे?" हे दर दहा मिनिटांनी.

आणि टेबलावरची सेम्बेई, म्हणजे ती तांदळाची कडक बिस्किटं, पडद्यावर कोणीच बोलत नसेल तेव्हाच फोडा.

आता मुख्य सल्ला. "लढाई कधी?" हे विचारत राहा. माझ्या आतेभावाने विचारलं. त्या रविवारी त्याच्यासाठी मी माझा नियम मोडून दोन भाग लावले, कारण पहिल्यात इनुबुशीचा प्रसंग होता. साल १६००. बाप आणि दोन मुलगे एका खोलीत बसलेत, बाहेर देश दोन तुकड्यांत फुटलाय, एकीकडे तोकुगावा इएयासु, दुसरीकडे इशिदा मित्सुनारी. थोरल्याचा सासरा तोकुगावांचा सरदार, धाकट्याचा सासरा इशिदाचा दोस्त, म्हणजे सोयरीक आहे, भाऊबंदकी आहे, आपल्या माणसाला समजायला यात काहीही अवघड नाही. ठरतं असं की बाप आणि धाकटा इशिदाकडे, थोरला इएयासुकडे. कोणीही जिंको, घराणं उरेल. तलवार उपसली जात नाही, आवाज चढत नाही, आणि तीन माणसं पुन्हा असं एकत्र बसणार नाहीत हे तिघांनाही कळलेलं असतं. माझ्या घशात आवंढा. शेजारून आवाज आला, "फक्त बोलतायत रे हे. फायटिंग?"

म्हटलं, पुढच्या भागात सेकिगाहारा आहे, या दोन बाजूंची निर्णायक लढाई. तो सावरून बसला. पुढच्या भागात सानादांचा उएदाचा किल्ला, बाप-लेकांनी मूठभर माणसांच्या जोरावर इएयासुच्या मुलाला, हिदेतादाला, त्याच्या ३८,००० फौजेसकट असं अडकवून ठेवलं की तो सेकिगाहाराला वेळेत पोचलाच नाही. घरात जल्लोष, आपण जिंकलो! आणि तेवढ्यात निरोप्या येतो आणि सांगतो की सेकिगाहारा झालं, एका दिवसात संपलं, इशिदा हरला. बस. जपानच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या लढायांपैकी एक आणि मालिकेत ती मिनिटभरसुद्धा दाखवलेली नाही, कारण उएदात बसलेल्या सानादांना ती दिसलीच नव्हती, कानावर पडली तेवढीच. त्यांचे चेहरे बघायचे होते त्या क्षणी. बापाचा चेहरा बघायचा होता. आणि आमचे पाहुणे? खाली मान घालून रील्स. मान वर केली आणि म्हणाले, "मागे घे जरा, लढाई सुटली वाटतं."

मागे घेतलं. लढाई नाहीच म्हटल्यावर चिडले. मग गूगल केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "अरे हा मरतो बघ, १६१५ मध्ये, ओसाकाला."

मला माहीत आहे रे बाबा! इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पानिपतावर काय होतं हे तुला माहीत नव्हतं का, तरी त्या नाटकाची तिकिटं काढून गेलास ना, आणि बाहेर येऊन दोन दिवस गप्प होतास ना? सानादांच्या झेंड्यावर सहा नाणी असतात, आपली वैतरणी तशी त्यांची सान्झु नदी, ती ओलांडायचं भाडं. माणूस मरणार हे झेंड्यावरच लिहिलंय. तो तिथपर्यंत जातो कसा हे बघायला ५० भाग बसतात लोक.

आणि सगळ्यात शेवटी, कोट चढवता चढवता, "खरं सांगू का, हे सगळे सारखेच दिसतात यार."

नाही दिसत. तू बघितलंसच नाहीस. दीड तासात सगळं मिळून दहा मिनिटं तुझे डोळे पडद्यावर होते, मी मोजलंय. ज्या देशात पंधरा दिवस फिरतोयस, ज्यांच्या ट्रेनचं आणि संडासाचं कौतुक करताना थकत नाहीस, त्यांच्या तोंडाकडे एकदा नीट बघायला होत नाही तुला? उद्या इथला कोणी म्हणाला की इंडियन सगळे सारखेच, तर फॅमिली ग्रुपवर पानभर निबंध लिहिशील. लाज वाटू दे थोडी. आणि समजत नसेल तर गप्प बस, साडेनऊपर्यंत, एवढंच तर मागत होतो मी.

काल ग्रुपवर फोटो आलाय. ओसाका किल्ला, पुढे हा, दोन बोटं वर. तो मनोरा १९३१ साली बांधलेला, काँक्रीटचा, पण ते असो. खाली लिहिलंय, "सामुराईंच्या भूमीत! सिरियलपण पाहिली, ठीक होती, फायटिंग कमी." नोबुशिगे पडला ते तेन्नोजी तिथून काही लांब नाही. तिथे गेले नाहीत. शॉपिंग होतं.

मी अंगठा दिलेला नाही. या रविवारी पुढचा भाग आहे, बेल बंद करून ठेवणार आहे.