बेटिसकोमची कवटी: शाप खोटा, हिशेब खरा

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात बेटिसकोम मॅनर नावाचा जुना वाडा आहे. त्याची गोष्ट फॉरवर्ड होत होत पुन्हा फिरतेय. पिनी घराण्यातल्या मालकाने वेस्ट इंडीजहून एक आफ्रिकी गुलाम आणला, त्याचा छळ केला. ‘मला मायदेशी पुरा’ असं तो मरताना बजावून गेला, पण कुणी ऐकलं नाही. त्याची कवटी आजही वाड्यात आहे, हलवली की किंकाळ्या येतात, आणि घराण्याने हे पाप तीनशे वर्षं दडवलं.

कवटी खरी आहे, खालचा जबडा नाही. 1963 साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या प्राध्यापकांनी ती तपासली, तेव्हा ती पंचविशी-तिशीतल्या युरोपीय बाईची निघाली आणि तीही हजारो वर्षांपूर्वीची. जवळच पिल्सडन पेन टेकडीवर प्राचीन किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथूनच ती आली असावी, असा तर्क आहे. म्हणजे गोष्टीतला गुलाम त्या हाडात नाहीच.

शापाचं काय? कवटी बाहेर नेली तर घर पायापासून हादरेल आणि नेणारा वर्षाच्या आत मरेल, असं 1872 साली छापून आलं होतं. वर्षभराची मुदत मोठी सोयीची. तेवढ्यात कुणी ना कुणी आजारी पडतंच.

आता ‘दडवलं’ हा आरोप. मला खरी चीड याचीच येते, कारण घराण्याने काहीच दडवलं नाही. घराण्यातला ॲझरया पिनी 1685च्या मॉनमथ बंडात, म्हणजे इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या उठावात सापडला, फाशीची शिक्षा झाली. बहिणीने 65 पौंड भरले, फाशी टळली आणि त्याची रवानगी वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावर झाली. तिथे घराणं उसाच्या मळ्यांवर गबर झालं. पुढे वारस म्हणून आलेल्या जॉन पिनीने पत्रं आणि हिशेबाच्या वह्या इतक्या नेटक्या ठेवल्या की आज त्या ब्रिस्टल विद्यापीठात वाचता येतात. माणसं विक्रीला मांडलेली पाहून आपल्याला धक्का बसला, असं त्याने लिहिलंय. त्याच पत्रात पुढे: पण देवाने त्यांना आपल्या उपयोगासाठीच नेमलंय, नाहीतर त्याने काही खूण दाखवली असती. मन मारायला माणसाला किती थोडं लागतं! 1765 मध्ये त्याने 12 वर्षांचा पेरो आणि त्याच्या दोन बहिणी विकत घेतल्या. 1783 साली पेरोला तो ब्रिस्टलला घेऊन आला. 1798 मध्ये पेरो वारला, पण गुलामीतून सुटला नाही. आज तिथल्या बंदरावरच्या पुलाला त्याचं नाव आहे. गुलामाचं नाव हवंच असेल, तर ते हे घ्या.

आणि गोष्टीतला तो ‘एक क्रूर मालक’? जॉन पिनी स्वतःला दयाळू समजायचा. 1808 मध्ये त्याचा नेव्हिसवरचा मळा एडवर्ड हगिन्सला विकला गेला, तो माणसांसकट. 1810 मध्ये हगिन्सने नेव्हिसवरच्याच चार्ल्सटाउन गावाच्या भर बाजारात आपल्या गुलामांना चाबकाने फोडून काढलं. खटला चालला, तो निर्दोष सुटला.