सुसंस्कृत सोसायटीत राहावे कसे?

तुम्ही नुकतेच संवेदनशील झाला असाल आणि तुमच्या इमारतीला दोन लिफ्ट असतील, तर अभिनंदन. पुढचं सगळं सोपं आहे. गेल्या मंगळवारपासून मला तर तोंडपाठ झालंय.

आधी कामवाल्या बाईंना 'मावशी' म्हणायला लागा. मग नाव विचारावं लागत नाही.

चहाचा कप वेगळा ठेवा, पण टवका उडालेला नको. पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो.

दुधाचे आणि मावशींचे खाडे एकाच कॅलेंडरवर मांडा. दोन्ही महिनाअखेरीस वजाच करायचेत.

राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे, हे त्यांना आपणहून सांगू नका. नोंदणीच्या कागदावर सही मागायला आल्याच, तर "यांना विचारते" म्हणावं आणि विसरावं.

आता लिफ्ट. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या: 'घरकामगार, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' क्रम असाच ठेवा. नोटीस लॅमिनेट करा. कोणी जातीचा विषय काढलाच तर चेहरा दुखावल्यासारखा करा. "छे हो, आमच्याकडे असलं काही नाही. प्रश्न हायजिनचा आहे." बरोबरच आहे. तेच हात आपली कणीक मळतात, आपल्या नातवाला न्हाऊ घालतात, तोवर स्वच्छ असतात. लिफ्टच्या बटणापाशी आले की त्यांना काहीतरी होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरला मात्र काही होत नाही. तो मोठ्या लिफ्टने जातो, आणि सगळे त्याला नावानिशी हाक मारतात.

मंगळवारी सर्व्हिस लिफ्ट बंद होती. आमच्या मावशी, पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला क्रेप बँडेज, हातात आमच्याच भाजीची पिशवी, मोठ्या लिफ्टमध्ये शिरल्या. कमिटीतले एक काका आत होते. "मावशी, जिन्याने. नियम आहे." त्या उतरल्या. काकांनी बॅगेतून लव्हेंडरची बाटली काढली आणि त्या उभ्या होत्या तिथे दोनदा फुस्स फुस्स केलं. दार बंद व्हायच्या आत! त्या बघत होत्या.

हेच काका 20 मार्चला ग्रुपवर चवदार तळ्याचा फोटो टाकतात. सोबत हात जोडलेले. काका, फोटोखालची गोष्टही वाचायची असते. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले ठराव मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तसा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं छान होतं, आपल्या ग्रुपसारखं. पाण्याला हात मात्र लावू दिला नाही. 1927 साली बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्यायले, तर गावाने 108 घडे पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. तुमचं काम एका बाटलीत भागतं, एवढीच काय ती प्रगती.

आणि हायजिन कसलं हो? गटारात उतरून माणसं गुदमरून मरतात, सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला मनाई करणारा 2013 चा कायदा असूनही मरतात. आपल्या टाकीत गेल्या पावसाळ्यात कोण उतरलं होतं, मास्क होता का, विचारलं एकाने तरी? बिल किती आलं ते विचारलंत. घाण तुम्ही करायची, ती उपसणाऱ्याला अस्वच्छ म्हणायचं आणि एप्रिलमध्ये डीपी निळा करायचा. लाज वाटायला हवी.

मलाही. त्या लिफ्टमध्ये तिसरा माणूस मी होतो. मोबाइलमध्ये बघत राहिलो. नवव्या मजल्यावर उतरलो, कुलूप उघडलं, पंखा लावला. बऱ्याच वेळाने मावशी धापा टाकत आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि नेहमीसारख्या भांड्यांना लागल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण नाव विचारलं. त्यांचा हात थांबला.

"काय चुकलं का, दादा? पोलिसात द्यायचंय?"

रविवारी सभा आहे. नोटीस काढायचा विषय मी लेखी दिलाय. दर वेळी कोरम नाही म्हणून घरी बसता, या वेळी बसू नका. आणि काका, तुम्ही जिन्याने या.