६.५×५२ कार्कानोच्या डाय-संचाबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

महोदय,

झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी आपण आमच्याकडून ६.५×५२ कार्कानो या जुन्या इटालियन रायफलच्या काडतुसाचा, आमच्या यादीतला सर्वांत कमी किमतीचा दोन डायांचा संच (एक डाय पुंगळीला दाबून मापात आणणारी, दुसरी तिच्यात गोळी बसवणारी) घेतलात आणि त्याला एक तारा देऊन चार गोष्टी नोंदवल्यात. ६.८ मिमी व्यासाच्या गोळ्या पुंगळीच्या गळ्यात शिरेनात, त्यांच्या तांब्याच्या आवरणाचा कीस निघाला आणि अकरा पुंगळ्यांचे खांदे, म्हणजे गळ्याखालचा उतरता भाग, चेपले, ही पहिली. आमच्याकडे विचारणा केल्यावर 'वंगण वाढवा' एवढेच उत्तर मिळाले, ही दुसरी. शेवटी गळा आतून रुंद करणारा वेगळा एक्सपांडर दुसरीकडून विकत घ्यावा लागला व स्वस्त संच महाग पडला, ही तिसरी. आणि अप्रचलित काडतुसांसाठी डाय घ्यायचीच तर आपल्या रायफलच्या मापाने खास बनवून घ्यावी, स्वस्त संचाच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला आपण इतर ग्राहकांना दिलात, ही चौथी. यांतील पहिल्या तीन तक्रारी खऱ्या आहेत आणि चूक आमची आहे. चौथ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही, आणि आपला अभिप्राय वाचून कोणी खरेदीचा निर्णय घेणार असेल म्हणून त्याचे कारण सविस्तर लिहितो.

पुंगळीला मापात आणणारी साइझिंग डाय गळ्याला बाहेरून दाबून गरजेपेक्षा थोडा अधिक अरुंद करते आणि पुंगळी डायमधून बाहेर येताना आतला एक्सपांडर त्याच गळ्याला आतून पुन्हा रुंद करतो. म्हणजे गोळी ज्या भोकात बसायची त्याचे अंतिम माप डायच्या पोटावर ठरत नाही, तर या एक्सपांडरवर ठरते. आपल्याला गेलेल्या संचात उत्पादकाने सर्वसाधारण ६.५ मिमी वर्गातला एक्सपांडर घातला होता, जो ६.७१ मिमी व्यासाच्या गोळीसाठी असतो. स्वीडिश ६.५×५५ आणि त्या वर्गातली बहुतेक काडतुसे हीच गोळी वापरतात. कार्कानोची गोळी मात्र सुमारे ६.८ मिमीची असते. फरक एका कागदाच्या जाडीएवढा, ०.१ मिमीच्या आसपास, पण गळ्याने गोळीला धरून ठेवण्यासाठी ०.०५ ते ०.०८ मिमी इतकीच पकड पुरेशी असते आणि आपल्या पुंगळ्यांत ती जवळजवळ ०.१५ मिमी झाली होती. इतक्या घट्ट गळ्यात गोळी दाबली की सारा जोर खाली खांद्यावर येतो आणि खांदा चेपतो. आपण एक्सपांडर काढून पाहिलात तेव्हा त्रास वाढला, असे आपण लिहिले आहे, तेही याच कारणाने, कारण मग गळा फक्त दाबला जातो आणि रुंद करणारे काहीच उरत नाही.

संचाच्या डबीवर काडतुसाचे नाव बरोबर होते आणि डायचे पोटही बरोबर होते. परंतु एक्सपांडर मायक्रोमीटरने मोजायला एक मिनिट लागते, आणि ते मिनिट विक्रीपूर्वी आम्ही द्यायला हवे होते. कार्कानोच्या बाबतीत हा घोटाळा या क्षेत्रात जुना आणि ठाऊक असलेला आहे, त्यामुळे 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोयही मला नाही.

वंगणाचा सल्ला तर अधिक चुकीचा होता. तो देणाऱ्या सहकाऱ्याने आपला प्रश्न पुंगळी साइझिंग डायमध्ये अडकण्याचा आहे असे समजून उत्तर दिले. प्रत्यक्षात आपली अडचण गोळी बसवतानाची होती आणि तिथे वंगणाचा काही उपयोग नव्हता. उलट साइझिंगच्या वेळी खांद्यावर जास्त वंगण साचले की त्याला जायला वाट राहत नाही आणि पितळेवर खोलगट डाग उठतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रांतील दोन पुंगळ्यांवर तसे डाग दिसतात. ते आमच्या सल्ल्यामुळे उठले आहेत.

आता चौथ्या मुद्द्याकडे येतो. अप्रचलित काडतुसाची डाय महाग का असते, हे पाहिले तर पैसे कुठे वाचवता येतात हेही दिसते. प्रत्येक काडतुसासाठी डायचे पोट कोरणारा स्वतंत्र रीमर घासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च लाखभर डायांवर वाटला गेला तर जाणवत नाही, पण शंभर डायांवर वाटला गेला तर किमतीत दिसतो. आरसीबीएस आणि रेडिंग यांच्यासारखे उत्पादक म्हणूनच काडतुसांचे मागणीनुसार गट पाडतात आणि गट उतरत गेला तशी किंमत चढत जाते. सीएच-फोर-डी यांच्यासारखे काही उत्पादक तर कालबाह्य काडतुसांसाठीच ओळखले जातात. खास मापाच्या डायसाठी मात्र आपण झाडलेल्या पुंगळ्या पाठवाव्या लागतात, त्यावरून माप घेतले जाते आणि एकाच गिऱ्हाइकासाठी काम होते. ज्या काडतुसाचे प्रमाणित माप कुठेच नोंदलेले नाही, किंवा ज्या जुन्या रायफलचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, त्या मापापासून फारच दूर गेले आहे, तिथे हा खर्च योग्य ठरतो. कार्कानो तसे नाही. त्याची मापे सी.आय.पी. या १९१४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या तक्त्यांत आहेत आणि सामान्य उत्पादकांच्या डाय त्या मापांवर बसतात. शिवाय आपण खास डाय मागवली असती आणि गोळीचा व्यास कळवला नसता, तर तिथेही ६.७१ मिमीच्या गोळीसाठीचाच एक्सपांडर येण्याची शक्यता होती, आणि तीच अडचण आपल्याला कितीतरी अधिक पैसे मोजून मिळाली असती. रायफल बदलली की ती डाय दुसऱ्या रायफलच्या चेंबरला जुळेलच असे नाही, हा तोटा वेगळा.

म्हणून माझे मत असे आहे की स्वस्त संच घ्यावा, पण कोणती काटकसर चालते आणि कोणती चालत नाही ते ओळखून घ्यावा. साइझिंग डायचे पोट आणि एक्सपांडर यांत तडजोड करू नये. गोळी बसवणाऱ्या डायमध्ये मात्र बरीच सवलत आहे, कारण तिला पुंगळीला आकार द्यायचा नसतो, फक्त सरळ धरून गोळी आत ढकलायची असते. त्याच व्यासाच्या, किंचित जाड पोटाच्या दुसऱ्या काडतुसाची डाय पुष्कळदा हे काम करते. अट एवढीच की गोळी तीतून मोकळी जाते का आणि गोळी ढकलणारा दांडा पुरेसा खाली येतो का, हे डाय प्रेसवर (तिला चालवणाऱ्या दाबयंत्रावर) चढवण्यापूर्वी हाताने तपासून पाहावे. अशा उसन्या डायने गळ्याची कड आवळता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. मायक्रोमीटरचा माथा, देखणी डबी, चकचकीत लॉक रिंग यांच्यासाठी अधिक पैसे देण्याचे कारण मला कधीच पटलेले नाही. बहुतेक डायांचे आटे एकाच मापाचे, पाऊण इंचाहून जाड अशा ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४, असल्यामुळे एका उत्पादकाची साइझिंग डाय आणि दुसऱ्याची बसवणारी डाय एकाच प्रेसवर चालतात. आपण दुसरीकडून घेतलेला एक्सपांडर आमच्या साइझिंग डायबरोबर वापरता आला, तोही त्यामुळेच.

डाय निवडण्याआधी खरा वेळ द्यायचा तो रायफलवर. नळीतून मऊ शिशाची गोळी दांड्याने हळूहळू ढकलून काढली आणि तिच्यावर उमटलेल्या चरांचे माप घेतले की आपल्याला कोणत्या व्यासाची गोळी लागणार हे नक्की कळते. चेंबरबद्दल शंका असेल तर सेरोसेफ हा सुमारे ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळणारा मिश्रधातू त्यात ओतून ठसा घ्यावा. तो आधी थोडा आकसतो आणि मग प्रसरण पावतो, म्हणून साधारण तासाभराने मोजलेले माप चेंबरच्या खऱ्या मापाशी जुळते. काडतुसाच्या नावावर विसंबणे सर्वांत धोक्याचे, आणि कार्कानो हे त्याचे एकटेच उदाहरण नाही. हंगेरियन-ऑस्ट्रियन ८×५६ आर काडतुसाची गोळी ८.३८ मिमीची असते, तर सर्वत्र मिळणारी ८ मिमीची माउझर गोळी ८.२ मिमीची. .३०३ ब्रिटिशच्या नावात .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिमी, दडलेले आहे, पण गोळी जवळपास ७.९ मिमीची लागते. अशा प्रत्येक काडतुसासाठी डाय घेताना 'एक्सपांडर कितीचा?' हा प्रश्न विक्रेत्याला, मलासुद्धा, विचारावा, आणि उत्तर मोजून मिळाले नाही तर घेऊ नये.

.३०३ चा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक बचत सांगतो. ते काडतूस चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर टेकते आणि ते वापरणाऱ्या ली-एनफील्ड रायफलींची चेंबरे ऐसपैस असतात, त्यामुळे दर वेळी पुंगळी पूर्ण दाबली तर ती बुडाजवळ ताणली जाऊन तिथेच तडकते. एकाच रायफलसाठी पुंगळ्या भरणाऱ्याने फक्त गळा दाबणारी डाय वापरली तर पितळ अधिक वेळा टिकते, आणि दुर्मीळ काडतुसाच्या पुंगळ्या डायहून लवकर महाग पडतात. कार्कानो खांद्यावर टेकते, त्यामुळे तिथे साइझिंग डाय पुंगळीचे बूड धरणाऱ्या शेल होल्डरला घट्ट टेकेपर्यंत न फिरवता, खांदा किंचितच मागे जाईल इतकीच बसवावी.

आपण नवा एक्सपांडर वापरत आहात म्हणून एक सूचना तातडीने देतो. गोळी बसवल्यावर गळ्याचा बाहेरचा व्यास मोजा आणि आपल्याच रायफलमधून झाडलेल्या पुंगळीच्या गळ्याशी तो ताडून पाहा. दोहोंत किमान ०.०५ मिमी अंतर हवे. पितळ जाड असेल आणि गोळी सोडायला गळ्याला जागाच नसेल तर दाब धोकादायक रीतीने वाढतो. चेपलेल्या खांद्यांची जी अकरा काडतुसे आपल्याकडे आहेत ती झाडू नका. ती सुटी करून गोळ्या व दारू वेगळी करा आणि पुंगळ्या टाकून द्या. दारूचे प्रमाण अर्थातच त्या गोळीच्या व्यासासाठी छापलेल्या तक्त्यातूनच घ्यावे.

आमच्याकडून आपल्याला पुढील गोष्टी मिळतील: ६.७६ मिमीचा एक्सपांडर विनामूल्य, आपण दुसरीकडे खर्च केलेली रक्कम, आणि वाया गेलेल्या पुंगळ्यांच्या बदल्यात तेवढ्याच नव्या. संच परत करायचा असेल तर पूर्ण पैसे परत. यादीतल्या प्रत्येक ६.५ आणि ८ मिमी संचासमोर एक्सपांडरचे मोजलेले माप व शिफारस केलेल्या गोळीचा व्यास लिहिण्यास सुरुवात केली आहे, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत कार्कानो व ८×५६ आर यांचे संच विक्रीतून काढले आहेत. आपल्या नळीचे चर मोजून कळवलेत, तर एक्सपांडर ६.७६ चा पाठवायचा की त्याहून किंचित लहान, हे त्यावरून ठरवून पाठवतो.