प्रकाश निर्माण झाला, पण बाहेर किती पडला?

विश्वातल्या पहिल्या दीर्घिकांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'पहिल्या दीर्घिकांच्या प्रकाशाने विश्वातला हायड्रोजन आयनित केला' हे एका वाक्यात उरकलंत, तिथे अडखळायला झालं. खरी मेख तिथेच आहे. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा फोटॉन (प्रकाशकण) हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवतो, म्हणजेच त्याला आयनित करतो. पण असे फोटॉन सोडणारे तरुण, तप्त तारे ज्या वायूत जन्मतात, तोच वायू ते गिळून टाकतो. म्हणजे घरच्यांनीच दार अडवलेलं! अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी आणि तारकीय वाऱ्यांनी त्या वायूला भोकं पाडली, तरच काही निसटतात. आपल्या जवळपासच्या बहुतेक दीर्घिकांत हे प्रमाण अगदी किरकोळ असतं.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा उल्लेख राहिला याचं मात्र वाईट वाटलं. २०२० साली तिथल्या कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून निसटलेला असा प्रकाश टिपला. प्रमाण किमान २० टक्के. हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर आरशापुढे यूव्हीआयटीचे आरसे जेमतेम ३८ सेंटीमीटरचे, पण डिटेक्टरमधला पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी, म्हणून जमलं.

आणि हो, महास्फोटानंतरच्या पहिल्या अब्ज वर्षांतल्या दीर्घिकांचा हा प्रकाश जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीलाही थेट दिसत नाही. मधला हायड्रोजन तो वाटेतच शोषतो. म्हणून त्यामानाने जवळच्या अशा दीर्घिकांवरूनच अंदाज बांधावे लागतात. त्यावर पुढचा लेख लिहाल का?