मनीषाची मोनिशा

काल रात्री परत 'साराभाई व्हर्सेस साराभाई' लावलं. २००४ ला स्टार वनवर आलेली सिरियल, आज पण बघताना खळखळून हसू येतं, आणि काल मी मुद्दाम फक्त ऐकत होते की नेमकं कुठल्या शब्दाला हसू फुटतं.

सगळ्यात आधी ते नावच घ्या ना. सुनेचं नाव मनीषा, आणि मुंबईतल्या उच्चभ्रू कफ परेडच्या तिच्या सासूला, मायाला, ते फारच मिडल क्लास वाटतं म्हणून ती त्याचं मोनिशा करून टाकते. म चा मो केला की झालं काम! आमच्या वर्गात तीन मनीषा होत्या हो, त्यामुळे मला तर ते जास्तच लागतं. एका स्वरात सासू कळते, सून कळते, दोघींमधलं अंतर कळतं, वेगळा सीन लिहायची गरजच नाही. आतिश कपाडियाचं लिखाण म्हणजे खरंच कमाल आहे.

आणि माया बोलते कशी बघा, सुरुवात एकदम गोड, 'बेटा' वगैरे, हिंदीत, आणि टोचायची वेळ आली की बाई इंग्रजीत शिरते. मला वाटतं हे नुसतं शिष्टपणा दाखवायला नाहीये. हिंदी वाक्य शेवटी 'है' वर येऊन बसतं, मग टोचणारा शब्द मधेच येऊन जातो आणि त्याची धार जाते, इंग्रजीत तोच शब्द अगदी शेवटी ठेवता येतो, आणि त्यानंतर मायाचं काम करणाऱ्या रत्ना पाठक शाह फक्त बघतात. मायाचा जावई दुष्यंत, त्याचं वेगळंच, कोणाच्या घरी काही बिघडलं रे बिघडलं की हा त्या मशीनच्या आतला एकेक पार्ट समजावत बसतो, शब्द सगळे बरोबर असतात, फक्त समोरच्याला ते नको असतात.

पण मला जे मनापासून सांगायचंय ते पुढे आहे. मोनिशाच्या बोलण्याला माया नावं ठेवते, पण आपण हसतो ते मायाला. सुधारणाऱ्याला हसतो, बोलणाऱ्याला नाही. आपल्या मराठी कॉमेडीत बरेचदा नेमकं उलटं होतं, कोणी वऱ्हाडी नाहीतर मालवणी बोललं की तेवढाच जोक, पुढे काही लिहायलाच नको. मी अकोल्याची. पुण्यात पहिल्या नोकरीत फोनवर 'येऊन राहिली मी' म्हणाले तर सगळा टेबल हसला होता. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही, मी खरंच येत होते. नंतर कितीतरी महिने मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात पुण्याचं करून घ्यायचे.

वऱ्हाडीत विनोद नाही का? भरपूर आहे, पण तो उच्चारात नाही, वाक्य कुठे तोडायचं त्यात आहे. आमच्या मोठ्या काकांनी एकदा स्टँडवरच्या टपरीत चहाचा घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, हा चहा हाय का चहाची आठवन?" टपरीवाला सगळ्यात आधी हसला आणि दुसरा चहा टाकला. आता हेच वाक्य शेवटी 'आहे' लावून म्हणून बघा, तिथल्या तिथे पडतं.