रुपया कुठे मिळेल?

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, कारण सर्वसाधारण सभेला वेळेवर पोहोचलेला मी एकटाच होतो. तेव्हापासून नोटिसा मीच टाइप करतो. 'पाण्याची टाकी धुतली जाईल', 'गाड्या नीट लावाव्यात' हे आता बोटांना पाठ आहे. अडतं ते रकमेपाशी. 'रु.' लिहिलं की चेअरमन नाना लाल पेन काढतात. "अहो, सरकारनं २०१० साली चांगलं चिन्ह दिलंय, ते वापरा की!"

दिलंय खरं. उदय कुमारांनी ते काढलं, जुलैमध्ये सरकारनं स्वीकारलं, ऑक्टोबरमध्ये युनिकोडनंही घेतलं. माझ्या कीबोर्डावर मात्र चारच्या डोक्यावर अजून डॉलरच ठाण मांडून आहे.

मग काय, 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स'. समोर चौकटींची चाळच उघडते. ग्रीक बिऱ्हाडं, रशियन बिऱ्हाडं, उलटं टांगलेलं प्रश्नचिन्ह. पौंड भेटला, येन भेटला, इस्रायलचा शेकेलसुद्धा भेटला. एकदाचा रुपया दिसला म्हणून अधाशासारखं क्लिक केलं, तर तो आर आणि एस एकमेकांना चिकटवलेला जुना ₨! नाना तो कसला चालवून घेतात.

शेवटी भाची म्हणाली, "मामा, २०बी९ लिही आणि ऑल्ट धरून एक्स दाब." दाबलं. अक्षरं गडप, ₹ हजर! मी तो आकडा चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला डकवला. बायकोनं वाचला आणि हरखून म्हणाली, "थर्ड एसीचं कन्फर्म झालं? आणि वीस नंबर म्हणजे लोअर बर्थ ना हो?"

रुपया जमला म्हणून नोटिशीची इंग्रजी प्रतही झोकात काढली. प्रत्येक विंगचं अक्षर कंसात, पुढे थकबाकी. कंसात इंग्रजी सी लिहिला की वर्ड परस्पर त्याचा © करतं. लगेच कंट्रोल-झेड दाबलं तर सी परत येतो. पण त्यासाठी मान वर करून स्क्रीनकडे बघावं लागतं, आणि दोन बोटांनी टाइप करणाऱ्याची नजर कीबोर्डावरून हलत नाही.

नोटीस फळ्यावर लागली. ए विंग, बी विंग आणि कॉपीराइट विंग. त्या विंगेत एक निवृत्त वकील राहतात. संध्याकाळी त्यांचं लेखी पत्र आलं: 'आमच्या विंगेचे स्वामित्वहक्क कोणत्या ठरावान्वये नोंदवले, त्याची प्रत द्यावी. खुलासा मिळेपर्यंत थकबाकी भरली जाणार नाही.'

खाली सगळ्या सभासदांच्या सह्या होत्या. एरवी गच्चीच्या चावीवरून एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांच्यासुद्धा.