‘तीन महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर’ या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, “मावशी, मग मी नाही म्हणून कळवू का?” त्याला आयटी सपोर्ट आणि नेटवर्क तंत्रज्ञ म्हणून दोन वर्षांची शिकाऊ उमेदवारी मिळाली आहे. करारावर सही करायला चार दिवस उरले असताना हा संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडला आणि त्याचे मन डळमळले. हाच संदेश मला त्याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो दोन ओळी वाचून पुसून टाकला होता. या वेळी मात्र तो शेवटपर्यंत वाचला. मी स्वतः सोळा वर्षांपूर्वी शिकाऊ उमेदवार म्हणूनच या कामात आले आणि आज माझ्या हाताखाली शिकाऊ मुले-मुली काम करतात, त्यामुळे आता गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: शिकाऊ उमेदवारी म्हणजे स्वस्तातली मजुरी, तिथे केबल ओढण्यापलीकडे काही शिकवत नाहीत, सगळे ज्ञान व्हिडिओंमधून तीन महिन्यांत मिळते, परीक्षेचे फुटलेले प्रश्नसंच पाठ करून प्रमाणपत्र मिळवा आणि अर्जात दोन वर्षांचा अनुभव लिहून टाका, कोणी तपासत नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सपोर्टचे काम असेही संपणारच आहे, आणि एकदा ‘शिकाऊ’ हा शिक्का बसला की माणूस जन्मभर तंत्रज्ञच राहतो.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करते. काही ठिकाणी शिकाऊ उमेदवाराला खोकी हलवायला आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला ठेवतात, वर्ष उलटले तरी त्याला स्विचचे (अनेक संगणक एका नेटवर्कात जोडणाऱ्या यंत्राचे) लॉगिन मिळत नाही. अशी ठिकाणे मी पाहिली आहेत. परंतु केबल ओढणे म्हणजे शिकणे नव्हे, हे विधान ज्याने कधी हाताने केबल तयार केली नाही त्याचेच असू शकते. माझ्या पहिल्याच महिन्यात मी तीसेक मीटरची एक केबल क्रिंप केली, म्हणजे तिच्या टोकांना कनेक्टर दाबून बसवले. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम अगदी सारखा ठेवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, मग निळी जोडी आणि शेवटी तपकिरी जोडी. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले, संगणकाच्या लिंकचा दिवाही लागला आणि मी समाधानाने परत आले. दुपारपर्यंत त्या टेबलावरून तीन तक्रारी आल्या, कारण मोठी फाइल उघडली की सगळे अडकत होते. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्विचवर त्या पोर्टचे आकडे उघडून दाखवले, तेव्हा त्रुटींची संख्या आमच्या डोळ्यांदेखत वाढत होती. मग त्यांनी कनेक्टर उजेडात धरून मला विचारले, “तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली आहे का?”

ती नव्हती. केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांत एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ठरलेल्या क्रमात हिरव्या जोडीच्या तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी जातात आणि मधल्या दोन जागा निळ्या जोडीच्या असतात. मी जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या. त्यामुळे एकाच सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्या आणि पीळ ज्यासाठी दिलेला असतो, ते गोंगाट रोखण्याचे कामच होईना. साधा टेस्टर तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते का एवढेच पाहतो, म्हणून त्याला हा दोष दिसत नाही. त्या दिवसापासून ‘दिवा लागतो’ आणि ‘नेटवर्क चालते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात पक्के बसले, आणि ते एका केबलने बसवले.

व्हिडिओंविषयी माझी काही तक्रार नाही; सबनेटिंगसारखा (नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचा) विषय मीही त्यांतूनच नीट समजून घेतला. अडचण एवढीच की व्हिडिओत बिघाड आपले नाव सांगून येतो. ‘डीएचसीपीचे प्रश्न’ (डीएचसीपी म्हणजे संगणकांना नेटवर्कचा पत्ता आपोआप देणारी व्यवस्था) अशा शीर्षकाखाली उत्तर कुठे शोधायचे हे आधीच ठरलेले असते. प्रत्यक्षात तक्रार येते ती “इंटरनेट बंद आहे” अशी. मागे आमच्याकडे एका मजल्यावरच्या निम्म्या संगणकांची अशी तक्रार आली, तेव्हा चौथ्या महिन्यात असलेल्या एका शिकाऊ मुलीने प्रथम पाहिले की त्या संगणकांना मिळालेला पत्ता आपल्या नेटवर्कचा नाहीच. मग पत्ता कोणत्या सर्व्हरने दिला ते तिने पाहिले, त्या सर्व्हरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, स्विचच्या तक्त्यात शोधला, पोर्टचा क्रमांक मिळवला, सगळ्या टेबलांच्या केबल जिथे येऊन मिळतात त्या पॅच पॅनेलवरची चिठ्ठी वाचली आणि थेट त्या टेबलाखाली वाकून घरगुती वापराचा एक छोटा राउटर बाहेर काढला. कोणीतरी वायफाय नीट मिळत नाही म्हणून तो आणून जोडला होता आणि तो येईल त्याला स्वतःच पत्ते वाटत बसला होता. या पाच पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी व्हिडिओत सापडते. कोणत्या वेळी कोणती पायरी घ्यायची, हे मात्र ती तीन महिने दुसऱ्याच्या शेजारी उभी राहून शिकली होती.

आता त्या मुद्द्याकडे येते ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. प्रश्नसंच पाठ करा आणि अनुभव खोटा लिहा, हा सल्ला कोणी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला देतो याचा मला मनापासून राग येतो. त्यातला पहिला भाग तर उघडच आत्मघातकी आहे. या परीक्षांना बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार मान्य करावा लागतो आणि फुटलेले प्रश्न वापरल्याचे उघड झाले तर निकाल रद्द होतो, मिळालेले प्रमाणपत्र काढून घेतले जाते आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. शिवाय परीक्षा घेणारेच काय सांगतात ते पाहावे. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेला पूर्वअट कोणतीही नाही, तरीही त्या परीक्षेसाठी किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव असावा अशी शिफारस सिस्को स्वतः करते. आयटीची प्रमाणपत्रे देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही परीक्षाही ९ ते १२ महिन्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाची शिफारस करते. म्हणजे ज्यांचे प्रमाणपत्र दाखवून हा संदेश अनुभवाला वळसा घालायला सांगतो, तेच त्या प्रमाणपत्राआधी अनुभव घ्या म्हणतात. एवढे एकच वाक्य त्यांच्या संकेतस्थळावर वाचले असते तरी हा संदेश लिहिला गेला नसता.

दुसरा भाग त्याहून घातक आहे. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे दोन वर्षांचा अनुभव लिहून आलेला एक तरुण रुजू झाला. अनुभवी म्हणून दुसऱ्याच आठवड्यात त्याला दोन मजले जोडणाऱ्या स्विचचे पूर्ण अधिकार मिळाले. वरच्या मजल्यावर एक नवीन व्हीलॅन (त्याच केबलवरून चालणारे वेगळे, आभासी नेटवर्क) न्यायचे होते, क्रमांक ३०. दोन स्विच जोडणाऱ्या ट्रंक पोर्टवर कोणती व्हीलॅन जाऊ द्यायची ती यादी वाढवताना त्या स्विचवर आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर जुनी यादी पुसली जाते आणि फक्त नवा क्रमांक उरतो. त्याने तो शब्द लिहिला नाही. एंटर दाबल्याबरोबर वरच्या मजल्यावरचे संगणक, फोन आणि कॅमेरे बंद पडले. स्विचपर्यंत पोचण्याचा मार्गही त्याच यादीतल्या एका व्हीलॅनवरून जात होता, त्यामुळे त्याच्या हातातले लॉगिनही गोठले.

चूक झाली याचे मला काही वाटले नाही, कारण हा शब्द विसरलेले किमान चार जण मला ठाऊक आहेत आणि त्यांतले दोघे आज उत्तम काम करतात. पुढची चाळीस मिनिटे मात्र मी विसरू शकत नाही. तो कोणाशीही बोलला नाही. बदल अजून कायमचा साठवलेला नव्हता, त्यामुळे स्विच बंद करून पुन्हा सुरू केला असता तर जुनी यादी आपोआप परत आली असती. ते सांगायला आमच्यापैकी कोणीही चालले असते. परंतु अर्जात दोन वर्षे लिहिलेला माणूस “मला हे कळत नाही” असे म्हणणार कसे? आम्ही सगळे बाहेरच्या लाइनमध्ये दोष शोधत राहिलो आणि तो खुर्चीत घाम पुसत बसला. महिनाभराने त्याला जावे लागले. तो मुलगा मंद नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि विचारण्याची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद करून घेतली होती.

शिकाऊ उमेदवाराकडे हीच एक गोष्ट असते आणि तिचे मोल या संदेशाच्या लेखकाला ठाऊक नाही: त्याला विचारण्याचा हक्क असतो. आज्ञा टाइप करून एंटर दाबण्याआधी “एकदा बघता का?” म्हणता येते. दूरच्या स्विचवर बदल करण्याआधी दहा मिनिटांनी तो आपोआप पुन्हा सुरू होईल अशी आज्ञा देऊन ठेवायची आणि सगळे सुरळीत दिसले की ती रद्द करायची, ही सवय मला अशाच एका प्रश्नाच्या उत्तरात मिळाली. पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारायला संकोच वाटला असता.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी संदेश पूर्ण चुकीचा नाही. विसरलेला पासवर्ड बदलून देणे, प्रिंटर कसा जोडावा हे सांगणे, आलेल्या तक्रारींची वर्गवारी करणे ही कामे यंत्रांकडे चालली आहेत आणि केवळ एवढेच शिकवणारी उमेदवारी असेल तर ती घेऊ नये. परंतु ‘सपोर्टचे काम संपणार’ म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ हा दिवस आठवून पाहावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत ती मागेही घेतली, पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. विमाने, रुग्णालये, बँका यांची कामे खोळंबली. अडकलेला संगणक नीट सुरूच होत नसल्यामुळे त्यातल्या बहुतेकांपर्यंत दुरून पोचणे अशक्य होते. म्हणून एकेका संगणकाजवळ जाऊन तो सेफ मोडमध्ये (अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टींसह) चालू करायचा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती एक फाइल शोधून पुसायची आणि पुन्हा सुरू करायचा, हा उपाय माणसांनी हाताने केला. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुरक्षा सोयीने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडणारी किल्ली) शोधून एकही अंक न चुकता भरायची. ज्यांनी त्या किल्ल्यांची नोंद नीट ठेवली होती आणि ज्यांच्याकडे हे काम शांतपणे करणारे पुरेसे हात होते, ते लवकर सावरले. असे हात तीन महिन्यांत पाठांतराने तयार होत नाहीत.

शिक्क्याचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. जर्मनीत नेटवर्क आणि संगणक प्रणाली सांभाळण्याचे काम १९९७ पासून तीन वर्षांच्या रीतसर उमेदवारीतून शिकता येते आणि त्या वाटेने आलेल्यांना तिथे पूर्ण शिकलेले व्यावसायिक मानतात. उमेदवारी संपल्यावर पदवी किंवा वरच्या परीक्षा देण्यापासून कोणी अडवत नाही. मी माझी पहिली प्रमाणपत्र परीक्षा उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षातच दिली आणि तिच्यातला निम्मा अभ्यास कामातच झालेला होता.

राहिला प्रश्न पैशांचा आणि नोकरीच्या हमीचा. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असते हे खरे आहे आणि दोन वर्षांनंतर कायम नोकरी मिळेलच असे करारात बहुधा लिहिलेले नसते. ज्या घरात लगेच कमाईची गरज आहे त्यांच्यासाठी ही अडचण खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. म्हणून भाच्याला मी डोळे मिटून सही कर असे सांगितले नाही. सहीपूर्वी चार गोष्टी विचार म्हणून सांगितले: मला शिकवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे, पहिल्या सहा महिन्यांत मी हेल्पडेस्क सोडून आणखी कोणत्या विभागात बसणार, चुकले तरी कोणाचे काम अडणार नाही असे सरावाचे स्विच आणि राउटर आहेत का, आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी आठवड्यातले किती तास कामाच्या वेळेतून मिळतील. उत्तरे लेखी मागायची, आणि पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर खुशाल नाही म्हणायचे.

काल त्याचा फोन आला. तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली आहेत. सरावासाठी वापरातून काढलेले दोन स्विच एका कपाटात आहेत, पण ते कोणी उघडून पाहिलेले नाहीत, असे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले आहे. ते स्विच चालतात का हे पाहण्याचे काम पहिल्याच आठवड्यात मला द्या, असे त्याने त्यांना लिहिले आहे.